पाठांतराने संगणकाची भाषा येणार नाही!

डिप्लोमा असो की इंजिनिअरिंग, संगणकाच्या पेपरात एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो. पायथन भाषेची वैशिष्ट्ये लिहा. त्याचे उत्तरही ठरलेले असते. भाषा सोपी आहे, इंटरप्रिटेड आहे, ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे, कोणत्याही संगणकावर चालते आणि मोफत मिळते. विद्यार्थी मुद्दे लिहितो, गुण घेतो आणि मोकळा होतो. त्याच विद्यार्थ्याला त्याच दिवशी संगणकापुढे बसवावे आणि सांगावे की, या शंभर नावांच्या यादीत कोणते नाव किती वेळा आले ते मोजून दाखव. त्याची बोटे कळफलकावर थिजतात. वैशिष्ट्ये तोंडपाठ आहेत, परंतु भाषा येत नाही, अशी ही अवस्था आहे. प्रॅक्टिकलचे जर्नल पूर्ण असते, त्यावर सही-शिक्का असतो, ओरलही पार पडलेली असते. तरीही नोकरीच्या निवड चाचणीत पहिल्याच कोडिंगच्या प्रश्नापाशी आपला मुलगा किंवा मुलगी अडते. कर्ज काढून, अर्धपोटी राहून शिकवलेल्या मुलांच्या बाबतीत हे घडते तेव्हा ते केवळ एका मुलाचे अपयश राहत नाही. म्हणून या प्रश्नाकडे आम्हाला वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

पाठांतरालाच विद्या म्हणण्याची या देशाची खोड फार जुनी आहे. ज्याला जास्त पाठ तो पंडित, आणि पाठ करण्याचा अधिकार कोणाला हेही जन्मावरून ठरलेले! ती व्यवस्था कायद्याने गेली. पण तिची शिकवण्याची रीत आमच्या वर्गांतून अजून गेलेली नाही. संगणक मात्र ही रीत मानत नाही. त्याला कोणाचे आडनाव कळत नाही आणि कोणाचे पाठांतरही कळत नाही. कंस चुकला तर तो प्राध्यापकाच्या मुलाला अडवतो आणि मजुराच्या मुलीलाही अडवतो. सांगितलेली रीत बरोबर असेल तर दोघांनाही सारखेच उत्तर देतो. अशा यंत्राची भाषा शिकायची तर यंत्रासमोर बसून, चुकत-दुरुस्त करतच शिकावी लागेल. त्याला दुसरा मार्ग नाही.

मग ती शिकायची कशी? आमचे म्हणणे असे की, ती कोडी सोडवून शिकावी. कोडे म्हणजे एक छोटी, नेमकी समस्या. तिचे एकच उत्तर असते आणि ते बरोबर की चूक हे ताबडतोब कळते. मास्तरांची मर्जी, शेजाऱ्याची वही यांचा तेथे संबंध नसतो. भाषेतील प्रत्येक वैशिष्ट्य कोणाला तरी, केव्हा तरी अडचण आली म्हणून जन्माला आले आहे. अडचण न दाखवता वैशिष्ट्य शिकवणे म्हणजे तहान लागण्याआधी विहिरीची व्याख्या पाठ करून घेणे होय. कोडे आधी अडचण समोर ठेवते. मग विद्यार्थी स्वतःच विचारू लागतो, ‘यासाठी भाषेत काही सोय आहे काय?’ त्या क्षणी शिकलेली सोय तो विसरत नाही. हे केवळ तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून आम्ही काही प्रत्यक्ष कोडी येथे मांडत आहोत.

‘प्रोजेक्ट ऑयलर’ हा गणिती कोड्यांचा संग्रह कॉलिन ह्यूज यांनी २००१ साली सुरू केला. तो मोफत आहे. त्यातले पहिलेच कोडे पाहा. ज्या संख्यांना ३ ने किंवा ५ ने भाग जातो अशा १००० च्या आतील सर्व संख्यांची बेरीज करा. १० च्या आत अशा संख्या ३, ५, ६, ९ आणि त्यांची बेरीज २३. सातवीतल्या मुलालाही समजेल असे हे कोडे आहे. पण पायथन शिकणाऱ्याला ते एकदम चार गोष्टींशी गाठ घालून देते. एक, लूप कसा लिहावा. दोन, भागाकारानंतरची बाकी कशी काढावी. तीन, ‘किंवा’ ही अट कशी मांडावी. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पायथनमध्ये १ ते १००० अशी रेंज दिली की ती ९९९ वर थांबते, १००० ला शिवत नाही. पुस्तकात हा नियम वाचून कोणाच्याही लक्षात राहत नाही. येथे मात्र १००० ला ५ ने भाग जातो. ती संख्या चुकून बेरजेत आली तर उत्तर बरोबर एक हजाराने चुकते. मग ‘च्या आतील’ या शब्दांचा आणि रेंजच्या नियमाचा मेळ मुलाला कायमचा कळतो.

काही मुले वेगळ्या वाटेने जातात. ३ च्या पाढ्यातील संख्यांची वेगळी बेरीज करायची, ५ च्या पाढ्याची वेगळी करायची आणि दोन्ही मिळवायच्या. कागदावर २० च्या आतील संख्या घेऊन पाहा. तिनाच्या पाढ्याची बेरीज ६३, पाचाच्या पाढ्याची ३०, एकूण ९३. पण खरे उत्तर ७८ आहे. १५ ही संख्या दोन्ही पाढ्यांत आहे आणि ती दोनदा मोजली गेली. ही चूक सापडली की पायथनमधील ‘सेट’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एकच वस्तू कितीही वेळा टाकली तरी जेथे एकदाच राहते, तो सेट. परीक्षेत ‘लिस्ट आणि सेट यांतील फरक लिहा’ हा प्रश्न दोन गुणांना येतो. त्या फरकाची गरज कोठे पडते हे हे कोडे दाखवते.

याच संग्रहातील १६ वे कोडे पाहा. २ चा १००० वा घात काढा आणि त्या संख्येतील सर्व अंकांची बेरीज करा. नमुना म्हणून २ चा १५ वा घात दिला आहे. तो ३२,७६८, आणि त्याच्या अंकांची बेरीज २६. आमच्या अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर प्रोग्रॅमिंग शिकवले गेले. त्या टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७ होती. म्हणजे हा नमुनासुद्धा त्या डब्यात मावत नाही. तो एकाने जास्त भरतो आणि पडद्यावर चक्क उणे ३२,७६८ छापले जाते. आजच्या सी भाषेत हा डबा सामान्यतः २ अब्ज १४ कोटींच्या पुढे जातो, पण २ च्या ३१ व्या घाताला तोही भरतो. मग ज्या संख्येत ३०२ अंक आहेत ती कोठे ठेवणार? सीमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्याला एकेक अंक वेगळ्या खणात ठेवून, शाळेत शिकलेला हातचा घेत गुणाकार करावा लागतो. पायथनमध्ये तीच संख्या एका ओळीत मिळते. कारण तेथे पूर्णांक लागेल तेवढा मोठा होतो आणि त्याला संगणकाच्या मेमरीचीच काय ती मर्यादा असते.

दोन्ही भाषांत हे कोडे सोडवणाऱ्याला पायथनच्या पूर्णांकाचे वैशिष्ट्य पाठ करावे लागत नाही. ती सोय फुकट नाही हेही त्याला कळते. लहान संख्यांच्या कामात सीचा ठराविक मापाचा डबा पायथनपेक्षा पुष्कळ वेगाने चालतो. कोणती भाषा श्रेष्ठ, हा वाद घालणारे अनेक भेटतात. कोणत्या कामाला कोणती भाषा, हे सांगणारे कमी भेटतात. ते शहाणपण दोन भाषांत एक कोडे सोडवल्याने येते.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांच्याजवळ गणिताचे पदव्युत्तर शिक्षण नव्हते. विद्यापीठीय मंडळींनी प्रारंभी त्यांच्या कामाची फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्यांत काम झाले.

हे पायथनमध्ये लिहायला बसा. संख्येतील अंक वेगळे करायचे तर तिला आधी मजकूर, म्हणजे स्ट्रिंग करावे लागते. मग अंकांचा क्रम लावायचा, ते पुन्हा जोडायचे, त्याची पुन्हा संख्या करायची आणि वजाबाकी करायची. स्ट्रिंग, सॉर्ट, जॉइन, व्हाइल लूप आणि फंक्शन ही पाच प्रकरणे एका कोड्यात येऊन गेली. आता २१११ ही संख्या देऊन पाहा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. ही तीन अंकी संख्या झाली. तुमचा प्रोग्रॅम तिचे अंक मांडतो, ९९९ वजा ९९९ करतो, शून्य येते आणि तो शून्यातच गरगरत राहतो. कापरेकरांचा नियम खोटा ठरला काय? मुळीच नाही. कागदावर आपण ते ०९९९ असे लिहिले असते. चार खणांतले पहिले शून्य संगणकाने टाकून दिले, कारण संख्येच्या लेखी पुढच्या शून्याला काही किंमत नाही. मजकुराच्या लेखी मात्र ते एक अक्षर आहे. पायथनमध्ये मजकुराच्या पुढे शून्ये भरून त्याची लांबी पुरी करणारी ‘झेडफिल’ नावाची सोय आहे. ती वापरली की २१११ सुद्धा पाच पायऱ्यांत ६१७४ वर येते.

हा शून्याचा मुद्दा केवळ गमतीचा नाही. बँकेचा खाते क्रमांक किंवा परीक्षेचा बैठक क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि तक्ता तयार करणाऱ्याने त्या रकान्याला ‘संख्या’ मानले, तर पुढचे शून्य गळून पडते. शिष्यवृत्तीच्या यादीत असे झाले तर कोणाचे पैसे कोठे अडकतील हे सांगायला नको. खाते क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही. म्हणून तो दिसायला आकडा असला तरी त्याला मजकूर मानला पाहिजे. ‘डेटा टाइप’ हे प्रकरण पाठ करणाऱ्याला हे सुचणार नाही. २१११ ने ज्याला अडवले आहे त्याला ते सुचेल.

आता थोडे कठीण कोडे घेऊ. अमेरिकेतील प्रोग्रॅमर एरिक वास्टल हे २०१५ पासून दर डिसेंबरमध्ये ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ नावाची कोड्यांची मालिका मांडतात. २०२४ पर्यंत रोज एक याप्रमाणे पंचवीस दिवस कोडी येत असत. २०२५ पासून ती बारा दिवसांची झाली. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहाला नवे कोडे खुले होते. भाषा कोणतीही चालते आणि पैसे लागत नाहीत. प्रत्येक कोड्याचे दोन भाग असतात आणि पहिला सुटल्याशिवाय दुसरा दिसत नाही. शेजारच्याला मिळालेले आकडे सहसा वेगळे असतात, त्यामुळे त्याचे उत्तर उतरवून भागत नाही. जुन्या वर्षांची कोडीही सोडवायला खुली आहेत.

२०२१ मधील सहाव्या दिवसाचे कोडे माशांचे होते. प्रत्येक माशाजवळ एक आकडा असतो आणि तो रोज एकाने घटतो. शून्यावर आलेला मासा दुसऱ्या दिवशी एका पिलाला जन्म देतो. त्याचा स्वतःचा आकडा पुन्हा ६ होतो आणि पिलाचा ८ पासून सुरू होतो. नमुन्यात पाच मासे आहेत: ३, ४, ३, १, २. तर ८० दिवसांनी मासे किती? नवशिका विद्यार्थी प्रत्येक माशासाठी लिस्टमध्ये एक जागा ठेवतो, रोज प्रत्येकाचा आकडा घटवतो आणि पिले लिस्टच्या शेवटी जोडतो. उत्तर ५,९३४ येते आणि ते बरोबर असते. दुसरा भाग उघडतो. तेथे फक्त एवढेच विचारलेले असते की, २५६ दिवसांनी मासे किती?

तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला जातो. पंखा घरघरू लागतो, संगणक मंदावतो आणि शेवटी बंद पडतो. कारण नमुन्याचेच उत्तर २,६९८ कोटी ४४ लाख ५७ हजार ५३९ एवढे आहे. प्रत्येक माशाला मेमरीत एकच बाइट दिला तरी सुमारे २७ जीबी जागा लागेल, आणि पायथनची लिस्ट एका बाइटवर कधीच भागवत नाही. येथे विद्यार्थ्याला थांबून विचार करावा लागतो. आपल्याला प्रत्येक मासा वेगळा ओळखायचा आहे काय? नाही. एकाच आकड्याचे सर्व मासे सारखेच वागतात. जनगणनेत पाच वर्षांची मुले किती हे सांगताना प्रत्येकाचे नाव लागत नाही, तसेच हे आहे. म्हणजे ० ते ८ असे नऊ खण पुरेत. प्रत्येक खणात त्या आकड्याचे किती मासे आहेत तेवढे लिहायचे आणि रोज खण एकेक जागा पुढे सरकवायचे. २,६९८ कोटी मासे नऊ आकड्यांत मावतात आणि उत्तर डोळ्याचे पाते लवायच्या आत येते.

ते खण लिस्टमध्ये ठेवता येतात. डिक्शनरीत ठेवता येतात. पायथनमध्ये मोजणीसाठीच केलेला ‘काउंटर’ आहे, तो वापरता येतो. दोन्ही टोकांनी काढ-घाल करता येणारा ‘डेक’ आहे, त्याला फिरवताही येते. चौघांनी हे कोडे चार प्रकारे सोडवले आणि मग एकमेकांना दाखवले तर भाषेतील चार सोयी चौघांच्याही पदरात पडतात. माहिती कशी मांडून ठेवावी हा ‘डेटा स्ट्रक्चर’ या विषयाचा गाभा आहे. त्या विषयाच्या नावाने मुले घाबरतात. त्यांना व्याख्येऐवजी आधी हे मासे द्यावेत, असे आम्ही प्राध्यापकांना सुचवू इच्छितो.

एक शेवटचे उदाहरण. जिना चढताना एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढता येतात. चार पायऱ्यांचा जिना किती प्रकारे चढता येईल? बोटांवर मोजा, उत्तर पाच. चाळीस पायऱ्या असतील तर? शेवटचे पाऊल एक पायरीचे असेल किंवा दोन पायऱ्यांचे असेल. म्हणून ४० चे उत्तर म्हणजे ३९ चे उत्तर अधिक ३८ चे उत्तर. फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची. पायथनमध्ये हे चार ओळींत लिहिता येते, पण चालवले की मिनिट उलटायची वेळ येते. तेच ते उपप्रश्न पुन्हा पुन्हा सोडवले जातात आणि त्या फंक्शनला ३३ कोटींहून अधिक वेळा हाक मारली जाते. येथे एकदा काढलेले उत्तर लिहून ठेवावे एवढीच गरज आहे. पायथनमध्ये २०११ साली, ३.२ या आवृत्तीत ‘एलआरयू-कॅश’ नावाची सोय आली. फंक्शनच्या डोक्यावर ती एक ओळ लिहिली की फंक्शन आपली उत्तरे लक्षात ठेवू लागते. ३३ कोटी हाकांच्या जागी फक्त ४१ उत्तरे काढावी लागतात. या डोक्यावरच्या ओळीला डेकोरेटर म्हणतात. पुस्तकात डेकोरेटरचे प्रकरण शेवटी असते आणि बहुतेक मुले ते सोडून देतात. जिन्याच्या कोड्यानंतर ते सोडण्याची इच्छाच होणार नाही.

आता पद्धतीविषयी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची एक खरी अडचण आहे. ही कोडी इंग्रजीत असतात आणि काहींची गोष्ट दोन-दोन पाने चालते. पुष्कळदा मूल कोड्यात अडत नाही, इंग्रजीत अडते, आणि आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही असा चुकीचा समज करून घेते. यावर उपाय सोपा आहे. कोडे आधी वहीत मराठीत लिहून काढावे. काय दिले आहे, काय काढायचे आहे आणि नियम कोणते, एवढ्याच तीन गोष्टी लिहाव्यात. मग लहान नमुना हाताने सोडवावा. जो नमुना हाताने सुटत नाही त्याचा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. त्यानंतरच कळफलकाला हात लावावा. उत्तर बरोबर आले की दुसऱ्यांनी ते कसे सोडवले हे पाहावे. त्यात भेटलेली एखादी अनोळखी सोय पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात वाचावी आणि वहीत एक ओळ लिहावी: या कोड्याने मला अमुक शिकवले. पन्नास कोड्यांनंतर ती वही कोणत्याही गाइडपेक्षा मोलाची होते. कारण तिच्यातील प्रत्येक ओळ स्वतः मिळवलेली असते.

इंग्रजीच्या भीतीबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. पायथनमधील राखीव इंग्रजी शब्द अवघे ३५ आहेत. बाकीची नावे आपण ठेवायची असतात. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून ती नावे देवनागरीतही ठेवता येतात. ‘बेरीज’, ‘मासे’, ‘पायऱ्या’ अशी नावे ठेवलेला प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. एवढेच नव्हे, देवनागरी अंकांत लिहिलेला ६१७४ हा मजकूर पायथनला दिला तर तो त्याची संख्या बरोबर करून देतो. मात्र प्रोग्रॅममध्ये थेट संख्या लिहायची तर ती इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. नोकरीत नावे इंग्रजीतच ठेवावी लागतील, कारण तेथे इतरांनाही ती वाचायची असतात. पण शिकताना आपल्या भाषेत विचार करायला या यंत्राची आडकाठी नाही, हे आपल्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

कोडी म्हणजे सर्वस्व, असे आमचे म्हणणे नाही. कोड्याचा प्रोग्रॅम एकदा चालला की त्याचे काम संपते. प्रत्यक्ष कामातला प्रोग्रॅम वर्षानुवर्षे चालतो, तो दुसऱ्याला वाचावा आणि बदलावा लागतो. कोड्यांचा नाद लागलेली मुले एका अक्षराची नावे ठेवतात आणि दहा ओळींचे काम एका ओळीत कोंबून त्याला हुशारी समजतात. माहितीची सुरक्षितता, चुकीची माहिती आल्यावर प्रोग्रॅमने कसे वागावे आणि चौघांनी मिळून एक काम कसे करावे, हे कोड्यांतून फारसे शिकता येत नाही. म्हणून पंचवीस-तीस कोड्यांनंतर एक उपयोगाचे काम हाती घ्यावे. अभ्यासिकेतील पुस्तकांची देवघेव किंवा महिला बचत गटाचा हिशेब यांचा प्रोग्रॅम करावा. कोड्यांत शिकलेल्या सोयी तेथे कसाला लागतील. तसेच घड्याळ लावून कोडी सोडवायला लावणाऱ्या निवड चाचण्या हीच गुणवत्तेची खरी कसोटी, असेही आम्ही मानत नाही. ज्याच्या घरी दहाव्या वर्षापासून संगणक आहे आणि ज्याने तो कॉलेजात प्रथम पाहिला, त्या दोघांना एकच घड्याळ लावणे हा समान न्याय नव्हे. पण ती चाचणी आज दारात उभी आहे आणि तिची तयारी फुकट करता येते. मग ती का करू नये?

फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीपासून मात्र सावध राहिले पाहिजे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला कोडे दिले की ती क्षणात प्रोग्रॅम लिहून देते. पूर्वी मित्राचे जर्नल उतरवत, आता यंत्राचे उतरवतात. ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’मध्ये सर्वांत वेगवान शंभर जणांची जागतिक यादी लागत असे. तिच्यासाठी अशी साधने वापरू नका, अशी विनंती आयोजकांना करावी लागली होती. २०२५ मध्ये ती यादीच बंद झाली. हे बरेच झाले, असे आम्ही म्हणू. कोणी किती मिनिटांत सोडवले याला शिकणाऱ्याच्या लेखी महत्त्व नाही. दोन तास डोके खाजवूनही कोडे सुटले नाही, तरी त्या दोन तासांत माणूस शिकलेला असतो. दोन सेकंदांत आलेले उत्तर उतरवणारा काहीच शिकलेला नसतो. या साधनांना सर्वस्वी दूर ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. आपले उत्तर काढल्यावर, ‘माझ्या प्रोग्रॅममध्ये काय सुधारता येईल?’ असे त्यांना अवश्य विचारा. पण आपल्या जागी विचार करायला त्यांना बसवू नका. आमच्या जागी दुसऱ्यांनी विचार करावा आणि आम्ही तो उतरवून घ्यावा, ही व्यवस्था या समाजाने पुष्कळ भोगली आहे.

शेवटी, वस्त्यांतून अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आमचे एक सांगणे आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक जुना संगणक ठेवा. पायथन मोफत आहे आणि ती साध्या संगणकावरही चालते. दर रविवारी फळ्यावर एक कोडे मराठीत लिहा. चार मुले, चार मुली जमवा. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने ते सोडवावे आणि मग फळ्यापाशी येऊन इतरांना समजावून सांगावे. शिकवणी वर्गाची फी नको आणि मोठ्या शहरातले वसतिगृहही नको. पहिल्या रविवारी कापरेकर मास्तरांचे ६१७४ घ्या. कोणाचा प्रोग्रॅम २१११ वर अडेल, त्याला लगेच उत्तर सांगू नका. त्याला अडू द्या. शून्य कोठे गेले हे त्याचे त्याला शोधू द्या. ते त्याला सापडेल, तेव्हा पायथनचे एक वैशिष्ट्य त्याने स्वतःच्या बळावर मिळवलेले असेल आणि ते कोणत्याही परीक्षेत त्याच्याकडून सुटणार नाही.